महाधमनीचे मूळ : त्याचे विकार व शस्त्रोपचार



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला भरते त्यांचे नाव या सभेत उच्चारून मी कोणाच्या ज्ञानात भर घालणार नाही. समोर बसलेल्यांपैकी पुष्कळांची अक्षरओळख त्यांच्याच हाताखाली झाली आहे. चालकांनी मला हृदयविकारांवर बोलण्याची आज्ञा केली, आणि ती मी मान्य केली, पण विषयाची हद्द माझ्या मताने आखून घेण्याची मुभा मागून. तेल कमी खा, तंबाखू सोडा, सकाळी चाला, हा उपदेश आपण वर्तमानपत्रांतून आणि आप्तेष्टांकडून इतका ऐकला आहे की, तो अक्षरशः खरा असूनही त्याची धार गेली आहे. आणि शिवाय जेथील माणसे पिढ्यान्‌पिढ्या डोईवर ओझे घेऊन रायगडाची वाट चढत-उतरत आली, तेथे उभे राहून चालण्याचा महिमा गाणे हा माझ्यासारख्या मोटारीतून आलेल्या माणसाच्या बाबतीत औद्धत्याचाच प्रकार ठरेल. म्हणून हृदयाच्या साऱ्या विकारांचा धांडोळा न घेता, त्याच्या माथ्यावरच्या, लांबीने जेमतेम दोन बोटे भरेल अशा एका भागापुरतेच मी आज बोलणार आहे. हृदयातून शुद्ध रक्त ज्या वाहिनीवाटे शरीरभर जाण्यासाठी बाहेर पडते ती महाधमनी, आणि ती जेथून निघते ते तिचे मूळ. शस्त्रक्रियागृहात त्याला सगळे नुसते ‘रूट’ म्हणतात. या मुळाच्या विकारांत शस्त्रवैद्याचे कसब मोलाचे आहे यात संशय नाही. परंतु रोगी त्याच्या हाती केव्हा पडतो यावर त्या कसबाची निम्मीअधिक फलश्रुती अवलंबून असते, आणि ती वेळ मुंबई-पुण्याच्या रुग्णालयांत ठरत नसून अशा वाड्यावस्त्यांवर ठरते, हे मला आज सप्रमाण मांडावयाचे आहे.

प्रथम रचना पाहू. हृदयाचा डावा कप्पा आकुंचन पावला की मिनिटाला सुमारे पाच लिटर या प्रमाणात रक्त वर लोटले जाते, आणि ते परत खाली येऊ नये म्हणून महाधमनीच्या तोंडाशी तीन पाकळ्यांची एक झडप असते. दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा ही झडप उघडते आणि मिटते. प्रत्येक पाकळीच्या मागे भित्तिकेला एक फुगीर कोनाडा असतो. अठराव्या शतकाच्या आरंभी होऊन गेलेल्या वाल्साल्वा या इटालियन शरीरशास्त्रज्ञाच्या नावाने हे तीन कोनाडे ओळखले जातात. त्यांपैकी दोहोंतून हृदयाच्या स्वतःच्या पोषणाच्या दोन धमन्या निघतात, ज्यांना आता खेड्यापाड्यांतही ‘कॉरोनरी’ म्हणूनच ओळखतात. कोनाड्यांच्या वर जेथे नळी पुन्हा आवळते ती एक कडा, आणि खाली जेथे पाकळ्या हृदयाला जडलेल्या असतात ते एक कडे. या दोहोंमधील प्रदेश म्हणजे मूळ. हे कोनाडे केवळ शोभेसाठी नाहीत, ही गोष्ट वाल्साल्वाच्याही दोनशे वर्षे आधी, १५१३ च्या सुमारास, लिओनार्दो दा विंची याच्या ध्यानी आली होती. त्याने या भागाच्या काचेच्या प्रतिकृतीची कल्पना मांडली, पाण्यात गवताचे बी सोडून प्रवाह कसा फिरतो ते पाहिले, आणि कोनाड्यांत उठणारे भोवरेच पाकळ्यांना हलकेच मिटवून घेतात असा निष्कर्ष लिहून ठेवला. रक्ताभिसरण ही वस्तू हार्वेने सिद्ध करण्यापूर्वी शंभरावर वर्षे एका चित्रकाराने हे जाणावे, याचे मला आजही नवल वाटते. त्याच्या चित्रांपेक्षाही या टिपणांपुढे मी अधिक वेळ थांबतो. पुढे साडेचारशे वर्षांनी शस्त्रवैद्य जेव्हा या मुळाच्या जागी कापडी नळी बसवू लागले, तेव्हा कोनाडे ठेवावेत की नाहीत हा वाद लिओनार्दोच्या त्याच टिपणांपाशी येऊन थांबला.

आता या मुळाला काय काय होते? जन्मतःच पाकळ्या तिनाऐवजी दोन असणे हा हृदयाच्या जन्मजात दोषांपैकी सर्वांत सामान्य दोष आहे; शंभरात एकाला किंवा दोघांना तो असतो. पैकी पुष्कळांचे आयुष्य बिनतक्रार जाते, परंतु काहींची झडप पन्नाशीच्या आसपास चुना साठून ताठ होते आणि काहींची महाधमनीच हळूहळू रुंदावते. दुसरा, संख्येने थोडा पण स्वभावाने अधिक क्रूर असा विकार मार्फान नावाच्या फ्रेंच बालवैद्याच्या नावाने प्रसिद्ध आहे. त्याने १८९६ साली लांबसडक बोटांच्या आणि काडीसारख्या हातापायांच्या एका पाच वर्षांच्या मुलीचे वर्णन केले. पुढे कळले की शरीरातील संयोजक ऊती, म्हणजे अवयवांना धरून ठेवणारा धागाच या माणसांत कच्चा असतो. १९९१ साली त्याचे कारण ‘फायब्रिलिन’ नावाच्या प्रथिनाच्या जनुकातील दोष हे निश्चित झाले. पाच हजारांत सुमारे एकाला हा विकार होतो; आईबापांपैकी एकाला असला तर प्रत्येक अपत्याला तो येण्याचा संभव निम्मा असतो, आणि चौथ्या हिश्श्याच्या रोग्यांत मात्र घराण्यात कोणालाही नसताना तो नव्यानेच उद्भवतो. अशा मुलाची उंची भावंडांहून अधिक असते, दोन्ही हात पसरले तर ती लांबी उंचीहूनही अधिक भरते, छातीचे हाड आत दबलेले किंवा पुढे आलेले असते, डोळ्यांतील भिंग जागचे सरकून मोठ्या नंबरचा चष्मा लागतो. आणि गावात त्याची ओळख ‘लंबू’ या नावाने पक्की होते. क्रीडाशिक्षक त्याला आनंदाने व्हॉलीबॉलच्या संघात घेतात. फ्लो हायमन ही अमेरिकेची विख्यात व्हॉलीबॉलपटू १९८६ च्या जानेवारीत जपानमधील एका सामन्यात बाकावर बसल्या जागी कोसळली आणि गतप्राण झाली. तिला मार्फानचा विकार होता हे तिच्या मृत्यूनंतर उघड झाले. प्रत्येक उंच मुलाला हा रोग असतो असे मात्र कोणी येथून समजून जाऊ नये. उंची ही इतल्ला आहे, निकाल नव्हे.

मुळाचा घेर वाढला की पाकळ्यांची टोके मध्यभागी एकमेकींना भेटत नाहीत आणि वर लोटलेले रक्त ठोक्यागणिक काही अंशी परत हृदयात गळते. हृदय ही गळती वर्षानुवर्षे मुकाट सोसते. आपला कप्पा मोठा करून, भित्तिका जाड करून, दर ठोक्याला अधिक रक्त लोटून तूट भरून काढते. म्हणूनच मी येथील श्रोत्यांना मुद्दाम सांगतो की, गडाची वाट न धापता चढणे हा प्रकृतीच्या उत्तमतेचा दस्तऐवज समजू नये. अशी गळती असलेला माणूस पहिली दहा-पंधरा वर्षे आपणा सर्वांच्या बरोबरीने चढतो. ज्या हंगामात त्याला पहिल्या टप्प्यावरच बसावेसे वाटू लागते, त्या हंगामापर्यंत हृदयाची राखीव गंगाजळी संपत आलेली असते. जुने वैद्य नाडीवर हात ठेवून हा रोग ओळखीत: नाडी जोरात उसळते आणि तत्क्षणी मावळते, मानेतील धमन्या लांबूनही उडताना दिसतात, आणि क्वचित ठोक्याबरोबर मस्तक हलके डोलते. हे डोलणे फ्रेंच कवी आल्फ्रेद द म्युसे याच्या ठिकाणी त्याच्या आप्तांनी पाहिले आणि त्या लक्षणाला त्याचेच नाव पडले. कवीच्या नावाने वैद्यकात चिरंजीव होण्याचा हा मार्ग कोणी अनुसरू नये.

याखेरीज उपदंशाने महाधमनीचे मूळ फुगण्याचा प्रकार पेनिसिलिनच्या पूर्वीच्या काळी फार होता. आता तो दुर्मीळ झाला. संधिवाताचा ज्वर येऊन झडपा आखडतात, तो मात्र आपल्या देशातून अद्याप गेलेला नाही, आणि झडपेवर जंतू बसून मुळाशी गळू होणे हाही एक भयंकर प्रकार आहे. यांचा विस्तार मी करीत नाही.

मात्र एका विकाराबद्दल थोडे अधिक बोलणे भाग आहे, कारण त्याच्या अभ्यासात मुंबईचे नाव जगात आदराने घेतले गेले. १९०८ साली ताकायासू या जपानी नेत्रवैद्याने एका तरुण स्त्रीच्या डोळ्यांतील रक्तवाहिन्यांचे विचित्र जाळे पाहून त्याची हकीकत प्रसिद्ध केली. या विकारात महाधमनीला आणि तिच्या मोठ्या फांद्यांना दाह होऊन त्या कोठे आकसतात तर कोठे फुगतात. मनगटातील नाडी हरवते, रक्तदाब चढतो, मुळाशी झडप गळू लागते, आणि हे सारे बहुशः पंधरा ते तीस या वयातील मुलींत. परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी अशा रुग्णांवर शस्त्रक्रिया केल्या आणि त्याच संस्थेतील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. सुमन किनरे यांनी या रोगात महाधमनीच्या भित्तिकेचे थरागणिक काय होते याचा अभ्यास आयुष्यभर केला. सेन, किनरे, केळकर आणि परुळकर या चौघांनी १०१ रुग्णांच्या अभ्यासावर आधारलेला एक ग्रंथ सत्तरच्या दशकाच्या आरंभी मुंबईतच प्रसिद्ध केला. आपल्याकडे शस्त्रवैद्याचे छायाचित्र छापून येते आणि सूक्ष्मदर्शकाशी बसून त्याला डोळे देणारा विकृतिशास्त्रज्ञ अज्ञात राहतो, हा शिरस्ता मला मान्य नाही. म्हणून या सभेत दोन्ही नावे मी एकाच श्वासात घेतली. येथील आशा कार्यकर्त्या भगिनींनी एवढे ध्यानात ठेवावे की, एखाद्या तरुण मुलीची एका हाताची नाडी लागत नसेल, किंवा दोन हातांच्या रक्तदाबात ठळक तफावत असेल, तर यंत्र बिघडले असे समजून तो कागद दप्तरात सारू नये.

आता सर्वांत घातक घटनेकडे येतो. महाधमनीची भित्तिका तीन थरांची असते. मुळाशी घेर वाढून ती ताणली गेली, किंवा वर्षानुवर्षे रक्तदाब चढा राहून कुजली, की एके दिवशी आतल्या थराला चीर पडते, आणि भाताच्या खाचराचा बांध आषाढात एके ठिकाणी चिरला की पाणी जसे त्या चिरेतून शिरून बांधाला आतून पोखरीत पुढे सरकते, तसे रक्त थरांच्या मध्ये शिरून महाधमनीला लांबवर उभी सोलत नेते. डॉक्टर याला ‘डिसेक्शन’ म्हणतात. छातीत किंवा पाठीत फाटल्यासारखी, आरंभीच कमाल तीव्रतेची कळ येते. २५ ऑक्टोबर १७६० रोजी, पानिपतच्या संग्रामाला तीन महिनेही उरले नसताना, इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज सकाळी शौचास गेला असता अकस्मात मरण पावला. राजवैद्य निकल्स याने शवविच्छेदन केले तेव्हा हृदयावरणात रक्त साचलेले आणि महाधमनीला मुळाजवळ चीर गेलेली आढळली. या रोगाची ती पहिल्या सुस्पष्ट नोंदींपैकी एक होय. राजाचा इलाज होणे त्या काळी शक्यच नव्हते. आज शक्य आहे. पण मुळापासून वर चढणाऱ्या भागात चीर पडली तर पहिल्या दोन दिवसांत दर तासाला शंभरातील एक ते दोन रोगी दगावतात असा वैद्यकाचा जुना अनुभव आहे. आता या हिशेबात हिरकणीवाडी ते महाड, तेथून महामार्गाने मुंबई, किंवा घाट चढून पुणे, हा प्रवास घाला. त्यात पावसाळ्याचे दिवस, दरड कोसळून बंद झालेला घाट आणि पुराने वेढलेले महाड घाला. २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यभर धावते आणि तिने असंख्य जीव वाचविले आहेत; तरी रुग्णवाहिका वेळ वाचविते, अंतर नाहीसे करीत नाही. आणखी एक संकट असे की, ही कळ हृदयविकाराच्या झटक्यासारखीच भासते, आणि झटक्यासाठी दिले जाणारे गाठ विरघळविण्याचे इंजेक्शन जर या रोग्याला दिले गेले तर ते प्राणावर बेतते. म्हणून माझ्या तरुण डॉक्टर मित्रांना माझे सांगणे आहे की, ते इंजेक्शन भरण्यापूर्वी दोन्ही हातांचे रक्तदाब घ्यावेत. त्याला एक मिनिटाहून अधिक लागत नाही.

चिरलेल्या महाधमनीवरील रक्ताचा मारा औषधाने सौम्य करावा, ही कल्पना ज्या मार्गाने वैद्यकात आली तो मार्ग आपल्या सह्याद्रीच्या रानातून गेला आहे. सर्पगंधा ही वनस्पती येथील दमट जंगलांना अपरिचित नाही. उन्मादावर तिचे मूळ देण्याचा प्रघात जुना. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी रक्तदाबावरील तिच्या गुणाचा आपला अनुभव १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केला, आणि साऱ्या जगाचे लक्ष तिच्याकडे वळले. १९५७ साली त्यांना अमेरिकेचे लास्कर पारितोषिक मिळाले. १९५२ साली बाझेलच्या रसायनशास्त्रज्ञांनी तिच्यातील ‘रेसर्पिन’ हे द्रव्य वेगळे केले. पुढचा भाग मोठा गमतीचा आहे. अमेरिकेत टर्की पक्ष्यांच्या खुराड्यांत धष्टपुष्ट पक्षी महाधमनी फुटून पटापट मरत. त्यांच्या खाद्यात रेसर्पिन मिसळल्यावर ते मरणे थांबले. फ्लोरिडातील शस्त्रवैद्य मायरन व्हीट याने हाच धडा माणसाला लावला आणि १९६५ साली, शस्त्रक्रियेवाचून केवळ रेसर्पिनादी औषधांनी डिसेक्शनचे रोगी सावरल्याची हकीकत प्रसिद्ध केली. आज त्या औषधाची जागा ठोक्याचा जोर आणि वेग दोन्ही कमी करणाऱ्या बीटा-ब्लॉकर गोळ्यांनी घेतली आहे, परंतु तत्त्व तेच राहिले आहे. आणि रक्ताचा मारा आवरून प्राण वाचविण्याची विद्या परदेशातूनच यावी लागते असेही नाही: महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी तांबड्या विंचवाच्या दंशाने चढणारा रक्तदाब आणि फेसाने भरणारी फुप्फुसे यांचे रोग्याच्या उशाशी बसून निरीक्षण केले, आणि प्राझोसिन या रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या औषधाचा उपयोग १९८६ साली लॅन्सेटद्वारे जगापुढे ठेवला. विंचू आणि महाधमनी यांचा संबंध दूरचा आहे हे मी जाणतो. परंतु वेळेवर आणि वारंवार रक्तदाब मोजणे एवढ्या भांडवलावर तालुक्याच्या गावी केवढे कार्य उभे राहते, याचा दाखला द्यायला मला या मुलखाबाहेर जावे लागत नाही.

आता शस्त्रक्रिया. हृदय थांबवून त्याच्यावर काम करणे शक्य झाले ते ६ मे १९५३ नंतर, जेव्हा गिबन याने फिलाडेल्फियात हृदय-फुप्फुसांचे काम तात्पुरते यंत्राकडे सोपवून एका तरुणीच्या हृदयातील छिद्र शिवले. महाधमनीच्या जागी काय बसवावे याचे उत्तर ह्यूस्टनच्या मायकेल डिबेकी याने दिले. आईकडून शिवणकाम शिकलेला हा गृहस्थ कापडदुकानात नायलॉन घ्यायला गेला, तेथे ते संपले होते म्हणून दुकानदाराने दिलेले डेक्रॉन घेऊन आला, आणि घरच्या शिवणयंत्रावर त्याने त्याच्या नळ्या शिवल्या. १९६४ साली उपरोक्त व्हीट याने झडप आणि वरची महाधमनी दोन्ही बदलली, पण कॉरोनरींच्या मुखांभोवतीची भित्तिका तशीच ठेवली. आणि मार्फानच्या रोग्यांत नेमकी तीच उरलेली पट्टी पुढे फुगत असे. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातील ह्यू बेंटॉल यांच्यापुढे असाच एक रोगी आला, ज्याच्या मुळाची भित्तिका इतकी विरळ झाली होती की टाका धरावा अशी जागाच उरली नव्हती. त्यांनी कृत्रिम झडप कापडी नळीच्या एका टोकाला शिवली, ती जोडनळी मुळाच्या कड्यावर बसविली, आणि नळीला दोन भोके पाडून कॉरोनरींची मुखे त्यांना जोडली. आपले सहकारी डी बोनो यांच्यासह बेंटॉल यांनी ही हकीकत १९६८ साली ‘थोरॅक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली. ती अवघ्या दोन पानांची आहे. त्याच वर्षी जगाचे डोळे हृदयारोपणाकडे लागले होते: केपटाऊनमध्ये बर्नार्ड यांनी ते आदल्या डिसेंबरात केले होते, आणि फेब्रुवारीत के. ई. एम. मध्ये डॉ. सेन यांनी ते केले, ज्यातील रुग्ण काही तासच जगला. सेन यांचे धाडस थोर होते आणि त्याची थोरवी मी कमी लेखत नाही. तरीपण त्या वर्षीच्या वर्तमानपत्रांत जिचा उल्लेखही नव्हता ती दोन पानेच पुढची तीस वर्षे अधिक माणसांच्या उपयोगी पडली असे माझे मत आहे.

बेंटॉलच्या मूळ पद्धतीत कॉरोनरींच्या जोडावर ताण येऊन तेथे कालांतराने गळती होई. पुढे कूशूकोस प्रभृतींनी कॉरोनरीचे मुख भोवतालच्या थोड्या भित्तिकेसह गोल कापून, त्याचे बटण करून, ते नळीवर स्वतंत्रपणे शिवण्याचा परिपाठ घातला. आज सर्वत्र तोच चालतो. उरोस्थी उभी दुभंगावयाची, रक्त यंत्राकडे वळवावयाचे, थंड पोटॅशियमयुक्त द्राव देऊन हृदय स्तब्ध करावयाचे, फुगलेले मूळ कापून टाकावयाचे, जोडनळी बसवावयाची, दोन बटणे शिवावयाची, वरचे टोक निरोगी महाधमनीला जोडावयाचे, आणि मग चिमटा सोडून हृदय पुन्हा चालू होण्याची वाट पाहावयाची. हे सारे चालू असताना झडपेच्या कड्याखालून हृदयाच्या तालाची आज्ञा वाहून नेणारा तंतुसमूह केसभर अंतरावरून जात असतो; टाका तेथे खोल गेला तर रोग्याला जन्माचा पेसमेकर लागतो. तयार जोडनळी महाग पडते म्हणून आपल्याकडील कित्येक शस्त्रवैद्य झडप आणि नळी निरनिराळी घेऊन टेबलाशेजारीच ती शिवून सिद्ध करतात. डॉ. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने बनविलेली, डिसेंबर १९९० मध्ये प्रथम रोग्याला बसविलेली स्वदेशी झडप नसती, तर गरिबांच्या बाबतीत हा सारा खटाटोप कागदावरच राहता.

परंतु धातूची झडप बसली की रोग्याच्या आयुष्याला एक नवा जाबता लागू होतो. तिच्यावर रक्त गोठू नये म्हणून रक्त पातळ करणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते, आणि ती कमी पडली तर झडप अडकते, अधिक झाली तर मेंदूत रक्तस्राव होतो. म्हणून ‘आयएनआर’ नावाची रक्ततपासणी नियमाने करावी लागते. हे औषध मूळचे उंदीर मारण्याचे, हे ऐकून घाबरण्याचे कारण नाही. मात्रेवर सारे आहे. माठ, शेवग्याचा पाला, टाकळा या पालेभाज्यांनी त्याचा परिणाम बदलतो. तेव्हा भाजी सोडू नये, पण एक महिना अजिबात नाही आणि पावसाळा लागताच रोज टाकळा, असे करू नये. दात काढण्यापूर्वी डॉक्टरांना झडपेची कल्पना द्यावी. बाळंतपणाचा विचार असलेल्या स्त्रीने आधी तज्ज्ञाशी मसलत करावी, कारण ही गोळी गर्भाला अपाय करते. आणि मृगाच्या आधी दोन महिन्यांच्या गोळ्यांची तजवीज घरात करून ठेवावी. २०२१ च्या जुलैत महाड बुडाले तेव्हा औषधांची दुकानेही बुडाली होती.

या जाबत्यातून रोग्याला सोडविण्यासाठीच गेल्या चाळीस वर्षांतील उत्तम बुद्धी खर्ची पडली. पाकळ्या निरोगी असताना केवळ भित्तिका रोगट आहे म्हणून त्या का फेकाव्यात, हा प्रश्न लंडनचे मॅग्दी याकूब आणि टोरांटोचे टिरोन डेव्हिड यांनी विचारला, आणि रोग्याच्याच पाकळ्या राखून भोवतालचे मूळ तेवढे कापडी नळीने बदलण्याच्या दोन पद्धती सिद्ध केल्या. डेव्हिड यांची पद्धत १९९२ साली प्रसिद्ध झाली; योग्य रोग्यात आणि निष्णात हातात ती केली तर रक्त पातळ करणारी गोळी जन्मभर घ्यावी लागत नाही. डोनल्ड रॉस यांनी १९६७ साली रोग्याचीच फुप्फुसधमनीची झडप काढून महाधमनीच्या मुळाशी रोवली. ती युक्ती सुंदर, पण एका झडपेच्या रोग्याला दोन झडपांचा रोगी करणारी आहे असा तिच्यावरील आक्षेपही निराधार नाही. आणि सर्वांत हृद्य प्रकरण टॅल गोल्सवर्दी या इंग्रज अभियंत्याचे. त्याला स्वतःलाच मार्फानचा विकार होता, बेंटॉलची शस्त्रक्रिया आणि पुढची जन्मभराची गोळी त्याला नको होती. त्याने आपल्या महाधमनीच्या प्रतिमांवरून संगणकाने तिची हुबेहूब प्रतिकृती करविली, तिच्यावर मऊ जाळीची बाही विणवून घेतली, आणि २००४ साली लंडनमध्ये ती आपल्या महाधमनीभोवती बाहेरून बसवून घेतली. रोग्याने आपल्या रोगाचा नकाशा काढून शस्त्रवैद्यापुढे ठेवल्याची दुसरी अशी हकीकत माझ्या वाचनात नाही.

शस्त्रक्रिया केव्हा करावी याचे उत्तर आता बरेच निश्चित आहे. प्रौढ माणसाचे मूळ साधारण साडेतीन सेंटिमीटर रुंद असते, चारपर्यंत क्षम्य मानतात. साडेपाचला गेले की शस्त्रक्रिया करावी, मार्फानच्या रोग्यात पाचलाच, आणि घराण्यात कोणाची महाधमनी फाटलेली असेल तर त्याहूनही आधी. अनुभवी केंद्रात अशी ठरवून केलेली शस्त्रक्रिया शंभरात दोन-तीन रोग्यांनाच जीवघेणी होते. तीच फाटल्यानंतर तातडीने करावी लागली तर पाच-सहांतला एक जातो, आणि टेबलापर्यंत पोहोचू न शकलेल्यांची तर त्यात गणतीच नाही. स्वतः डिबेकी ३१ डिसेंबर २००५ रोजी, वयाच्या सत्त्याण्णव्या वर्षी, घरी बसला असता छातीत विलक्षण कळ येऊन पडला. महाधमनीच चिरली आहे हे या विषयाचा अर्धशतकाचा आचार्य तत्काळ ओळखून होता, तरी तो रुग्णालयात जाण्यास नाखूश होता, आणि फेब्रुवारीत प्रकृती ढासळल्यावर त्याच्याच शिष्यवर्गाने त्याच्याच विद्येने त्याला वाचविले. पुढे तो दोन वर्षे जगला. जगातील एक नामांकित शस्त्रक्रियागृह उशाशी असलेल्याला हे साधले. तेवढे सान्निध्य महाड-पोलादपूरच्या माणसाच्या वाट्याला येणार नाही, आणि या खोऱ्यात कोणी हृदयशस्त्रक्रियेचे रुग्णालय उभारील अशी आशाही मी दाखवीत नाही; वर्षाकाठी मोजक्या शस्त्रक्रिया होतील तेथे हात बसत नाही, हे कटू असले तरी खरे आहे. फुगण्याचे मोजमाप मात्र येथे होऊ शकते. फाटण्यापूर्वी ज्याचा घेर मोजला गेला तो रोगी दिवाळीनंतरची तारीख घेऊन, दिवसाउजेडी, एस. टी.ने मुंबईला जाऊ शकतो.

यासाठी नव्या सनदा मागण्याची गरज नाही. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. तीत उंची मोजतातच, पसरलेल्या हातांची लांबीही मोजावी. २०१२ साली दुसऱ्या नावाने सुरू झालेल्या आणि आज महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणाऱ्या राज्य शासनाच्या आरोग्य योजनेत हृदयशस्त्रक्रियांचा समावेश आहे. तिच्यासाठीची कागदपत्रे शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी शोधू नयेत. वर्गातील उंच, किडकिडीत, जाड चष्म्याच्या मुलाला शिक्षकांनी खेळातून काढून टाकू नये, पण छातीवर एकदा नळी ठेवल्यावाचून स्पर्धेलाही पाठवू नये. आणि ज्या घरात कोणाची महाधमनी फुगली वा फाटली, किंवा धडधाकट तरुण माणूस छातीत कळ येऊन अकस्मात गेला, त्या घरातील आईबाप, सख्खी भावंडे आणि मुले यांनी टू-डी एको करून घ्यावा, अशी माझी हात जोडून विनंती आहे. त्या तपासणीत सुई टोचावी लागत नाही, भूल द्यावी लागत नाही, आणि ती अर्ध्या तासाच्या आत आटोपते.